पुस्तकातला चोर आणि पेटीची किल्ली

एरवी आम्ही तुमच्याशी बचत, कर्जफेड, शेळ्यांचे लसीकरण, मुलींची शाळा अशा विषयांवर बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. आज चोरांविषयी बोलायचे आहे, आणि चोरांच्या गोष्टी आवडीने वाचणाऱ्या माणसांविषयी. हातातले काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

झाले असे. मागच्या पावसाळ्यात आमच्या एका गटाची आठवड्याची बैठक होती. सगळ्या जमेपर्यंत दोघी-तिघी मोबाइलवर पाहिलेल्या एका परदेशी मालिकेविषयी बोलत होत्या. त्यातला चोर पॅरिसच्या मोठ्या संग्रहालयातून राणीचा हिऱ्यांचा हार पळवतो. एक म्हणाली, "काय डोकं आहे गं त्याचं!" दुसरी म्हणाली, "पोलीस पकडतात का काय, म्हणून माझा जीव नुसता वरखाली." सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो, कारण आम्हीही ती मालिका पाहिली होती.

मग बैठक सुरू झाली. त्या दिवशी नवीन कोषाध्यक्ष निवडायची होती. कोणीतरी एका ताईंचे नाव सुचवले. सातवीपर्यंत शिकलेल्या, हिशेब तोंडपाठ, चार वर्षांत एकही हप्ता चुकलेला नाही. पण त्या विमुक्त समाजातल्या. त्या समाजाला गावात माघारी काय म्हणतात ते इथे सांगत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. नाव निघाले आणि खोली गप्प झाली. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. ताईंनी ते ऐकले. त्यांनी आपली बचत पेटीत टाकली, वहीत सही केली आणि पोरगा शाळेतून येईल म्हणून उठून गेल्या. निवड पुढे ढकलली गेली. समन्वयक म्हणून आम्ही तिथेच बसलो होतो. आम्हीही तोंड उघडले नाही.

घरी जाताना एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. हार पळवणाऱ्याचे कौतुक करणाऱ्या बायका आणि ज्या बाईने चार वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे केला नाही तिला चोर म्हणणाऱ्या बायका वेगवेगळ्या नव्हत्या. मध्ये फार तर अर्धा तास गेला होता. गोष्टीतला चोर आवडतो आणि दारातल्या माणसावर संशय येतो, हे असे का होत असावे? बी.ए.ला इतिहास घेतला होता, तो अशा वेळी उपयोगी पडायला हवा. म्हणून पुस्तके शोधली, वाचली. त्यातून जे हाती लागले ते आज सांगतो आहोत.

सुरुवात लंडनपासून करू, कारण चोरांच्या कादंबऱ्यांवर पहिला मोठा गदारोळ तिथे झाला. तिथे जॅक शेपर्ड नावाचा एक खराखुरा चोर होऊन गेला. सुताराकडे उमेदवारी करणारा पोरगा. लाकूड, खिळे, कुलपे यांची चांगली ओळख. वाईट संगत लागली, घरफोड्या करू लागला. पण त्याचे नाव झाले ते चोरीमुळे नाही, पळून जाण्यामुळे. १७२४ या एका वर्षात तो चार वेळा कैदेतून निसटला. त्यातली एक सुटका ३१ ऑगस्टची. फाशीची शिक्षा झालेली होती. भेटायला आलेल्या बायकांनी पहारेकऱ्यांना बोलण्यात गुंतवले आणि हा गज काढून बायकांच्या कपड्यांत बाहेर पडला. तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला फाशी दिली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. बघायला दोन लाख लोक जमले होते असे सांगतात.

शंभरेक वर्षांनी, १८३९ साली, विल्यम एन्सवर्थ या लेखकाने त्याच्यावर कादंबरी लिहिली. मासिकात दर महिन्याला थोडी थोडी छापून येत होती. लोक अक्षरशः वेडे झाले. त्याच वर्षी लंडनच्या नाटकघरांत जॅक शेपर्डची आठ नाटके चालू होती. थॅकरे हा लेखक या प्रकारावर चिडून होता. नाटकघराबाहेर 'शेपर्ड पिशव्या' विकतात, त्यांत कुलपे उघडायची हत्यारे आणि पहार असते, असे त्याने आईला पत्रात लिहिले होते. आपल्याकडे नाटकाबाहेर शेंगदाणे मिळतात, तिथे घरफोडीचे सामान मिळत होते म्हणा ना!

ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंतही जॅक पोचला. हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने पुढे दहाएक वर्षांनी लंडनच्या गरीब, बेघर पोरांशी बोलून त्यांची माहिती लिहून काढली. रात्रीच्या मुक्कामाच्या खोल्यांत एकजण जॅक शेपर्डची गोष्ट मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात, असे त्यांनी त्याला सांगितले. आपल्याकडे पोथी ऐकतात तसेच.

आता जे शिकले-सवरलेले वाचक होते, त्यांना घाम फुटला. ही पोरे, हे नोकर, हे उमेदवार कारागीर असली पुस्तके वाचून चोर होणार, अशी ओरड सुरू झाली. आणि मे १८४० मध्ये तसे घडलेही, निदान लोकांनी तसे मानले. लॉर्ड विल्यम रसेल या म्हाताऱ्या सरदाराचा त्याच्याच नोकराने झोपेत गळा चिरला. या नोकराने म्हणे सांगितले की डोक्यात हा विचार जॅक शेपर्ड वाचून आला. एन्सवर्थने ते जोरात नाकारले. पण बोभाटा व्हायचा तो झालाच. जॅक शेपर्डच्या नावाने नवीन नाटकाला परवानगी द्यायची नाही, असा नियमच झाला आणि तो बरीच वर्षे टिकला.

यातले एक मात्र नीट बघा. या लोकांना भीती होती ती पुस्तकाची. पोरगा मुळात वाईट नाही, पुस्तकाने तो बिघडेल, असे ते म्हणत होते. म्हणजेच पुस्तक काढून घेतले, शाळेत घातले, कामाला लावले, तर तो सुधारेलही. चोर हा घडतो, असे त्यांनी आपल्या लंडनच्या पोरांपुरते मानले होते.

त्याच १८३९ साली, त्याच लंडनमध्ये, आणखी एक पुस्तक निघाले. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग', म्हणजे एका ठगाचा कबुलीजबाब. लिहिणारा फिलिप मेडोज टेलर. हे नाव आपल्याला परके नाही. नळदुर्गचा किल्ला तुम्ही पाहिला असेल, पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला सगळा जिल्हा लोटतो. तिथे १८५३ नंतर काही वर्षे हाच टेलर राहून आपल्या भागाचा कारभार बघत होता. पण हे पुस्तक त्याआधीचे, तो निजामाच्या चाकरीत असतानाच्या अनुभवावरचे. वाटसरूंशी गोड बोलून, त्यांच्यासोबत चालून, मग रुमालाने गळा आवळून लुटणारा अमीर अली आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतो, अशी ती कादंबरी आहे. लंडनमध्ये ती हातोहात खपली. विशीतल्या राणी व्हिक्टोरियाला एवढी उत्सुकता, की छापखान्यातून पाने निघतील तशी तिने मागवून घेतली, असे सांगतात.

वाचक तेच, शहर तेच, साल तेच. पण या पुस्तकावर कोणी म्हणाले नाही की हे वाचून आमची पोरे ठग होतील. इथे वाचकांनी वेगळेच मनात घेतले. हिंदुस्थानात माणसे जन्मानेच चोर असतात, बापाकडून पोराकडे धंदा जातो, हा समज या आणि अशा लिखाणाने घरोघर पोचला. टेलरच्या मनात तसे होते की नव्हते, हा वेगळा प्रश्न. त्याचा अमीर अली मायेचा बापही आहे, त्याला रडूही येते. पण वाचणाऱ्याला जे हवे होते ते त्याने उचलले. जॅक हा वाया गेलेला एक मुलगा ठरला आणि अमीर अली मात्र आख्ख्या जमातीचा नमुना ठरला.

एखाद्या गोष्टीविषयी वाचकाला काय वाटते, याला एवढे महत्त्व का द्यायचे, असे तुम्ही विचाराल. कारण ते वाटणे पुढे कायद्यात उतरते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो मांडताना सरकारी बाजूने केलेला युक्तिवाद असा होता: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसाच चोरांच्या जातीत जन्मलेला चोरच होणार. एवढ्या आधारावर जमातीच्या जमाती यादीत गेल्या. आधी उत्तर हिंदुस्थानात हा कायदा होता, १९११ पासून मुंबई इलाख्यातही आला. नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय मुक्काम हलवायचा नाही. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवायचीही तरतूद होती. चोरी केली की नाही हे कोणी विचारतच नव्हते. जन्म कोणत्या घरात झाला तेवढे पुरे होते.

सोलापूर आपल्याला जवळचे. तिथे 'सेटलमेंट' हा शब्द आजही पत्त्यात येतो. पुष्कळांना तो नुसता एका वस्तीचे नाव वाटतो. ती तारेच्या कुंपणातली वसाहत होती. अशा जमातींची माणसे तिथे आणून ठेवली होती. दिवसा गिरणीत काम, संध्याकाळी कुंपणात परत, आणि हजेरी. सोलापूरच्या चादरीची कीर्ती आपण सांगतो, तेव्हा त्या गिरण्यांत राबलेल्या या हातांची आठवण सहसा निघत नाही.

आणि ती जामदारखान्याची म्हण! ती ऐकल्यावर आम्हाला आणखी एक आठवले. जुन्या काळी गावाची राखण कोण करत होते? रामोशी, बेरड. गावात चोरी झाली तर माग काढायची जबाबदारी त्यांची. किल्ल्यांवर पहाऱ्याला तेच. म्हणजे आपल्याच वाडवडिलांनी ज्यांच्या भरवशावर रात्री डोळे मिटले, त्यांच्याच वाड्यावस्त्यांकडे पुढे संशयाने बघायची सवय लागली. गावाने किल्ल्या देऊन झाल्या होत्या, त्याचा विसर पडला.

आता परत पुस्तकांकडे येऊ, कारण या साऱ्या काळात तिकडे चोरांच्या गोष्टी थांबल्या नव्हत्या. उलट एक नवा चोर आला आणि तो सगळ्यांचा लाडका झाला. १८९८ साली हॉर्नंग या लेखकाने रॅफल्सच्या गोष्टी लिहायला घेतल्या, १८९९ ला त्यांचे पुस्तक झाले. रॅफल्स मोठ्या शाळेत शिकलेला, उत्तम क्रिकेट खेळणारा, लंडनच्या उंची वस्तीत राहणारा. दिवसा मेजवान्या आणि रात्री तिजोऱ्या. तो स्वतःला 'हौशी' म्हणवून घेतो. पोटासाठी चोरी करणारे ते धंदेवाईक, आपण त्यांतले नाही, असा त्याचा तोरा.

गंमत म्हणजे हा हॉर्नंग शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉयलचा मेहुणा, बहिणीचा नवरा. त्याने पुस्तक डॉयललाच अर्पण केले. डॉयलला गोष्टी आवडल्या, पण मन खात राहिले. पुढे १९२४ साली आपल्या आठवणींत त्याने लिहिले की गोष्टी उत्तम आहेत, पण गुन्हेगाराला नायक करणे धोक्याचे आहे, आणि हे मी मेहुण्याला सांगितलेही होते. पण यावेळी लंडनमध्ये ओरड झाली नाही. नाटकांवर बंदी आली नाही. जॅक शेपर्ड सुताराचा उमेदवार होता, त्याला बघून नोकरचाकर बिघडतील ही भीती होती. रॅफल्स तर साहेबांपैकीच एक होता.

जॉर्ज ऑर्वेल या लेखकाने १९४४ साली रॅफल्सवर एक लेख लिहिला. त्याने नेमके यावर बोट ठेवले. रॅफल्सची सगळी जादू तो 'सभ्य गृहस्थ' असण्यात आहे. त्याला पापपुण्याची फारशी फिकीर नाही, पण काही गोष्टी 'शोभत नाहीत' एवढे मात्र त्याला कळते. ज्याच्या घरी पाहुणा म्हणून उतरलो त्या यजमानाचे चोरायचे नाही, बाकी पाहुण्यांचे दागिने चालतील! आम्ही हे बैठकीत सांगितले तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हंजी आपल्या सोसायटीतल्यासारखंच की." हशा पिकला. पुढे काय ते तुम्हीच समजून घ्या.

फ्रान्समध्ये १९०५ साली मॉरिस लब्लांने आर्सेन ल्युपाँ आणला. तोही सभ्य चोर, वेष बदलण्यात पटाईत. तो एवढा गाजला की लेखकाने त्याची गाठ थेट शेरलॉक होम्सशी घालून दिली. डॉयलने हरकत घेतली, तेव्हा नावातली अक्षरे इकडची तिकडे करून 'हर्लॉक शोम्स' केले. वाचकांनी तेही मजेत वाचले. चोराने पोलिसांना आणि गुप्तहेरांना चकवावे, यात वाचकाला सुख होते.

आपल्याकडे हे सुख घरोघर पोचवले ते बाबूराव अर्नाळकरांनी. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराच्या वर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. धनंजय आणि छोटू हे गुन्ह्यांचा तपास करणारे, आणि झुंजार, काळापहाड हे कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणारे. पातळशी पुस्तके वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने मिळत. आमच्या गटातल्या एका ताईंचे सासरे आज ऐंशीच्या पुढे आहेत. ते सांगतात, भूगोलाच्या पुस्तकात झुंजार लपवून वाचला, म्हणून मास्तरांनी पट्टी मारली, आणि मग तेच पुस्तक मास्तर स्वतः घरी घेऊन गेले. झुंजारमुळे कोणी चोर झाल्याचे त्यांच्या ऐकिवात नाही. वाचायची गोडी मात्र पुष्कळांना लागली, आणि ती काही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून आम्ही असे म्हणणार नाही की चोरांच्या गोष्टी वाचू नका, बघू नका. दिवसभर राबून आलेल्या बाईने एखाद्या चलाख माणसाला मोठ्यांच्या नाकावर टिच्चून निसटताना बघितले तर तिला बरे वाटते. तिला रोज कुणीना कुणी अडवतेच. रेशनवर, बँकेत, घरात. गोष्टीतला चोर कुठेच अडत नाही. तो आनंद खोटा नाही. फक्त तो आनंद आपण कोणाला देऊ करतो आणि कोणाला नाही, हे बघायला हवे.

कारण मराठीत १९८७ साली एक वेगळेच पुस्तक आले. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या'. आपल्या लातूरकडचे. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे चोरावर लिहिलेले पुस्तक नाही. ज्यांच्या कपाळी चोर हा शिक्का मारला, त्यांच्यातल्या एकाने स्वतः लिहिलेले आहे. यात उंची कपडे नाहीत, तिजोऱ्या नाहीत. भूक आहे. रात्री-अपरात्री घरात शिरणारे पोलीस आहेत. मार खाऊनही नाव सांगू नये म्हणून लहानपणापासून मार सोसायला शिकवलेली पोरे आहेत. आणि शाळेत गेलेले पहिले पोर आहे. वस्तीत मुलांना हगवण-वांती लागली, तेव्हा लोकांना वाटले की या पोराला शाळेत घातले म्हणूनच हे झाले. शिकायला निघालेल्या पोराला बाहेरचे लोक चोर म्हणत होते आणि आतले लोक अवलक्षणी.

बैठकीनंतरच्या आठवड्यापासून आम्ही 'उचल्या' गटात मोठ्याने वाचायला घेतले. बैठक संपली की वीस मिनिटे. पहिल्या दिवशी दोघी उठून गेल्या. "असलं काय ऐकायचं? मनाला लागतं," असे म्हणाल्या. हार पळवणारी मालिका मात्र मनाला लागत नव्हती, हे आमच्या ध्यानात आले. तिसऱ्या आठवड्यात त्याच दोघी परत आल्या आणि मागचे काय झाले ते विचारू लागल्या. एकीने विचारले, "मग ह्यांना कामाला कोण ठेवत नव्हतं तर खायचं काय?" हा प्रश्न रॅफल्सविषयी कधी कोणाला पडला नसेल.

आणि त्या ताई, ज्यांच्या नावावरून हे सगळे निघाले, त्या तेवढा वेळ भिंतीला टेकून ऐकत होत्या. एके दिवशी आपण होऊन बोलल्या. "आमच्या घरी चोरी झाली होती. दोन शेळ्या गेल्या. मालक म्हणले, तक्रार द्यायची नाही. आपण ठाण्यात गेलो तर आपल्यालाच बसवून घेतील." एवढेच. कोणी काही बोलले नाही. पण ती शांतता त्या पहिल्या दिवसासारखी नव्हती. चोराच्या घरी चोरी झाली, असा विनोद कोणी केला नाही.

गुन्हेगार जमातींचा कायदा देशभरातून रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणून त्या जमातींना विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. जॅक शेपर्ड बायकांच्या कपड्यांत निसटला त्याची तारीख आठवते ना? योगायोगाने तीच. जॅकच्या त्या सुटकेची गोष्ट तीनशे वर्षे लोक सांगत आले आहेत. लाखो माणसे एका दिवशी कायद्याने मोकळी झाली, त्याची गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात आम्ही तरी वाचली नव्हती. आणि मोकळे होणेही अर्धेच होते. मागोमाग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय तसाच राहिला. तुरुंगांच्या नियमांत विमुक्त जमातींना वेगळी वागणूक देणारी कलमे होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. बघा, किती वर्षे लागली.

जाता जाता त्या मालिकेविषयी. ती २०२१ ची, ल्युपाँच्या पुस्तकांवरून सुचलेली. त्यातला नायक आफ्रिकेतून फ्रान्सला आलेल्या बापाचा मुलगा आहे. संग्रहालयात तो सफाई कामगार म्हणून शिरतो, कारण सफाई कामगाराच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. आणि तो चोर का झाला? त्याचा बाप एका श्रीमंताकडे गाडी चालवायला होता. त्या घरातला हार गेला आणि आळ बापावर आला. त्याने चोरी केलेली नव्हती, पण परका, गरीब, काळा माणूस म्हटल्यावर सगळ्यांना ते लगेच पटले. त्याचा कोठडीतच अंत झाला. आमच्या बायकांनी ही मालिका दोन-दोनदा पाहिली होती. हाराचा प्रसंग सगळ्यांना आठवत होता. बापाचा प्रसंग आम्ही आठवण करून दिल्यावर आठवला. एक म्हणाली, "अगं हो की, खरी गोष्ट तर तीच आहे." आम्हीही तो विसरलोच होतो, हे कबूल करतो.

आता पेटीचे सांगून थांबतो. तुम्हाला माहीत आहे, गटाची पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे आणि बँकेचे पासबुक तिसरीकडे ठेवायचे असते. हा नियम कोणा एकीवर अविश्वास म्हणून केलेला नाही, तो सगळ्यांना सारखा आहे. पण त्या दिवशी आम्ही तो सगळ्यांना सारखा लावला नाही. दोन महिन्यांनी निवड पुन्हा घेतली. या वेळी आम्ही गप्प बसलो नाही. आधी आमची चूक सांगितली, मग ताईंची माफी मागितली, आणि मगच नाव मांडले. अकरापैकी आठ हात वर झाले. तीन झाले नाहीत. त्या तिघींवर आम्ही रागावलो नाही, पण त्यांचे हात वर झाले असे खोटेही लिहिले नाही.

ताईंनी किल्ली घेतली. पेटी उघडून सगळ्यांसमोर रक्कम मोजली, वहीशी ताडून पाहिली. सात रुपये जास्त भरले. आधीच्या हिशेबात कुठेतरी चूक होती. त्यांनी ती शोधून काढली आणि मगच चहा घेतला.

तुमच्या गटात कोषाध्यक्षाची निवड कधी आहे? त्याच्या आधी एकदा 'उचल्या' मोठ्याने वाचा, आणि कोण उठून जाते, कोण परत येते ते आम्हाला कळवा.